चाकणचा जॅम आणि मावशींचे डबे

लाँग ड्राइव्हला सगळे लोणावळ्याला पळतात. मी चाकणला गेले. हसू नका! तेही चक्क वर्किंग डेला.

नाशिक हायवेवर तासभर जॅम. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी नव्याकोऱ्या कार पोटात घेतलेला ट्रेलर. शाळेत चाकण म्हणजे फिरंगोजी नरसाळा, घरी चाकण म्हणजे कांदा. 2009 मध्ये इथे फोक्सवॅगनचा प्लँट सुरू झाला, 2010 मध्ये महिंद्राचा. देशाच्या जीडीपीत वाहन उद्योगाचा वाटा सुमारे 7 टक्के, हे मी कितीदा तरी टाइप केलंय. कळलं मात्र महाळुंग्याच्या एका खाणावळीत.

‘‘कंपनीच्या तिन्ही शिफ्टा चालू असल्या की माझे दीडशे डबे जातात,’’ मावशी भाकरी थापत म्हणाल्या. ‘‘एक बंद झाली की शंभर. मला पेपर कशाला वाचायला लागतोय?’’

खरंच की! शोरूममध्ये गिऱ्हाईक आलं नाही, तर आधी सीट शिवणाऱ्या छोट्या वर्कशॉपची ऑर्डर कापली जाते. मग तिथला काँट्रॅक्टवरचा पोरगा गावी जातो आणि त्याचा डबा बंद होतो. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल 2020 ला, मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही. मावशींनी त्या महिन्यात चूलच पेटवली नाही.

बिल झालं साठ रुपये. मावशी दारापर्यंत आल्या, माझ्या सेकंडहँड गाडीभोवती एक चक्कर मारली.

‘‘नवी कधी घ्यायची गं?’’