दुसऱ्या रात्रीचा फोटो

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या गच्चीवरून आकाश काळं दिसत नाही. स्टेशनच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांनी ते राखाडी झालेलं असतं. तरीही २०२५च्या मे महिन्यात इथल्या एका हौशी छायाचित्रकाराने पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ट्रायपॉड लावला. २ मे रोजी व्हेस्टा या लघुग्रहाची प्रतियुती होती. म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर, रात्रभर आकाशात. व्यास सुमारे ५२५ किलोमीटर, हैदराबादहून पुण्यापर्यंत सरळ रेघ ओढावी जवळजवळ तेवढा. एवढा मोठा लघुग्रह, पण शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा त्याला टिपतो.

शंभर मिलिमीटरची लेन्स, दोन-तीन सेकंदांचे पन्नासेक फोटो, आणि मग संगणकावर ते एकावर एक बसवायचे. एकाच फोटोला जास्त वेळ दिला, तर पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा होतात. पण फोटो कितीही स्वच्छ आला, तरी त्यातला व्हेस्टा ताऱ्यांसारखाच एक ठिपका असतो.

तो ओळखू येतो दुसऱ्या फोटोने.

म्हणून खरी मेहनत चौकट जपण्याची. दोन रात्रींनी विशाखा नक्षत्राचे तेच तारे त्याच जागी आणायचे, लेन्स तीच, वेळही शक्यतो तीच. मग पडद्यावर दोन्ही फोटो आलटून पालटून पाहायचे. सगळे तारे जागच्या जागी, आणि एकच ठिपका पश्चिमेकडे सरकलेला! प्रतियुतीच्या सुमारास व्हेस्टा दिवसाला पाव अंश चालतो. दोन दिवसांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा. आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी त्याला मागे टाकते, म्हणून तो उलटा जाताना दिसतो. पंचांगातलं ‘वक्री’ असं डोळ्यांपुढे उभं राहतं.

१८९१च्या डिसेंबरात हायडेलबर्गच्या माक्स वोल्फने याच चालीवरून ब्रुसिया हा लघुग्रह शोधला. छायाचित्रातून सापडलेला तो पहिला लघुग्रह. दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरत असल्याने तारे बिंदू राहिले, लघुग्रहाची रेघ उमटली. काचीगुड्यापासून काही किलोमीटरवर, बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेतही १९१४पासून काचेच्या प्लेटांवर आकाश टिपलं जात होतं. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा तिथे नोंदल्या गेल्या. स्थिर ताऱ्यांचा असा नकाशा असेल, तरच चालणारा ठिपका पकडता येतो.

व्हेस्टाची पुढची प्रतियुती ऑक्टोबर २०२६मध्ये आहे. पावसाळा सरलेला असेल. गच्ची असेल त्याने एक रात्र नव्हे, दोन रात्री राखून ठेवाव्यात.