वाचलेस ते मला सांग

हिंदमाताच्या कापडबाजारामागे आमची जुनी चाळ आहे. तिथल्या समाजमंदिरात संध्याकाळी सात ते साडेआठ आम्ही चौघे जण पाचवी ते आठवीच्या मुलांचा वर्ग घेतो. आमच्यातले एक पालिकेतून निवृत्त झालेले, एक रुग्णालयात परिचारिका, एक साडीच्या दुकानात हिशेब लिहिणारे आणि एक घर सांभाळणाऱ्या भगिनी. शिक्षक आमच्यात कोणीच नाही. त्यामुळे जे शिकलो ते चुकत चुकतच शिकलो. त्यातली एक चूक आज पालक बंधुभगिनींना सांगायची आहे.

वर्गात सातवीतला एक मुलगा येई. अक्षर मोत्यासारखे. फळ्यावरचे तो जसेच्या तसे वहीत उतरवी. त्याच्या वह्या आम्ही इतर मुलांना दाखवत असू. त्याची आई दुकानांतल्या साड्या घरी आणून फॉल-बिडिंग करते. एका संध्याकाळी ती घराबाबत आलेली नोटीस घेऊन आली. म्हणाली, "दादा, याला वाचायला दिली तर डोळे दुखतात म्हणतो. शाळेत जातो, तुमच्याकडे येतो, मग वाचत का नाही?"

आम्ही ती नोटीस त्याच्याच हाती दिली आणि सर्वांसमोर मोठ्याने वाच म्हटले. 'सदर' एवढा एक शब्द वाचून तो थांबला. पुढच्या जोडाक्षरावर अडखळला आणि कागदाकडे बघत उभा राहिला. मागची मुले हसली. नोटिशीत कागदपत्रे जमा करण्याची मुदत होती आणि तिला चारच दिवस उरले होते. आम्ही वाचून दाखवली म्हणून कागद वेळेत गेले. पण मुलगा दुसऱ्या दिवसापासून वर्गाला आला नाही.

त्या रात्री आम्ही चौघे बराच वेळ बसून राहिलो. दोन वर्षे मुलगा आमच्यासमोर होता. आम्ही त्याचे अक्षर पाहिले, पण त्याचे वाचन कधी ऐकलेच नाही. उतरवून काढणे म्हणजे लिहिणे नव्हे आणि पाठ म्हणणे म्हणजे वाचणे नव्हे, हे आम्हांला तेव्हा कळले.

आमच्या परिचारिका ताई त्याच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "बाळा, चूक आमची झाली." तो एवढेच म्हणाला, "मला सगळ्यांसमोर वाचायला लावू नका." ते आम्ही मान्य केले आणि तो परत आला.

मग आम्ही प्रत्येक मुलाला बाजूला बसवून वाचायला लावले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने एक साधी गोष्ट दाखवून दिली आहे: मुलाची इयत्ता बघून नव्हे, तर त्याला वाचता किती येते ते बघून गट करावेत. आम्हीही तसेच केले. या मुलाला साधे शब्द येत होते. रफार आणि जोडाक्षर आले की तो अंदाजाने ढकलत असे. बारा वर्षांच्या मुलाला दुसरीचे पुस्तक दिले तर त्याला लाज वाटते, म्हणून आम्ही वर्तमानपत्रातली क्रिकेटची छोटी बातमी घेतली. आधी आम्ही बोट ठेवून वाचायचे, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने हळू आवाजात. शेवटी कागद पालथा ठेवून विचारायचे, "काय वाचलेस ते सांग."

लिहिण्याचेही तसेच. निबंधाच्या पुस्तकातला पावसाळा आम्ही बंद केला. हिंदमाताला पाणी तुंबते ते साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. मग तेच लिही म्हटले. त्याने चार ओळी लिहिल्या. पाणी आले, आईने मशीन पलंगावर ठेवायला सांगितले, रात्रभर कोणी झोपले नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. आम्ही लाल पेन खिशातच ठेवले आणि विचारले, "साड्या कुठे ठेवल्या? आई काय म्हणाली?" चार ओळींच्या दहा झाल्या. चुका नंतर सुधारल्या, त्याही एका वेळी एकाच प्रकारच्या.

हा एकट्या आमच्या चाळीचा प्रश्न नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुले तपासली. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. म्हणजे मूल पाचवी ते आठवीत मागे राहिले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर ते तसेच मोठे होते.

बाबासाहेब शाळेत असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. अभ्यासासाठी ते मुलाला रात्री दोन वाजता उठवत. पालक म्हणतात, "सुभेदार शिकलेले होते. आम्हांला अक्षर येत नाही, आम्ही काय करणार?"

याचे उत्तर त्या मुलाच्या आईनेच दिले. आम्ही तिला सांगितले होते की रोज साडीला फॉल लावताना त्याला शेजारी बसवा, वाचायला सांगा आणि मध्येच विचारा, "म्हणजे काय रे?" दिवाळीनंतर घराबाबत दुसरा कागद आला. तो तिने आमच्याकडे आणला नाही. मुलाने घरीच वाचला, दोन शब्दांवर अडला, पुन्हा वाचला आणि आईला अर्थ सांगितला. ती आम्हांला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, मला अक्षर येत नाही. पण हा खरे वाचतो की नुसते ढकलतो, ते मला आता कळते."

म्हणून मातापित्यांना आमची एवढीच विनंती आहे. वहीवरच्या सुंदर अक्षरावर आणि प्रगतिपुस्तकावर समाधान मानू नका. आज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटे टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवा. मुलाला जवळ घ्या, विजेचे बिल द्या, नाहीतर हेच पान द्या. अडखळला तर रागावू नका, आणि भावंडांना हसू देऊ नका. वाचून झाले की म्हणा, "बाळा, वाचलेस ते मला सांग."