एकच सेट

आमच्या व्यायामशाळेत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ‘किती?’ हाच असायचा. “आज किती मारलेस?” छातीचे वीस सेट झाले म्हटलं की दादा मान डोलवायचे. बारा म्हटलं तर नुसते बघायचे. दादांचं लहानपण कोल्हापूरकडच्या तालमीत गेलेलं. तिथे जोर-बैठका शेकड्यांनी मोजायच्या आणि मेहनत म्हणजे अंगाखालची जमीन घामाने ओली होणं. गिरणगावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मातीच्या जागी लोखंड आणलं, पण मोजमाप तेच राहिलं.

मग रद्दीवाल्याकडे एक जुनं इंग्रजी मासिक हाती लागलं आणि त्यात डोरियन येट्स भेटला. 1992 ते 1997, सलग सहा वर्षं मिस्टर ऑलिम्पिया. बर्मिंगहॅममधल्या टेम्पल जिमच्या तळघरात आठवड्यातून चार दिवस व्यायाम, तोही तासाभरात आटोपणारा. आधी हलक्या वजनाने अंग तापवायचं, मग त्या व्यायामाचा एकच खरा सेट. वजन जागचं हलेनासं होईपर्यंत. मी ते पान दप्तरात घालून फिरत होतो. दिवसाचे दोन-अडीच तास व्यायामशाळेत घालवून माझे दंड वर्षभर तेवढेच होते. वाटलं, चुकलं ते इथेच.

दुसऱ्या दिवसापासून एकच सेट सुरू केला. बेंचवर साठ किलो, आठ रेप्स, छाती पेटल्यासारखी वाटली की बार जागेवर. पस्तीस मिनिटांत घरी. तीन महिने असे गेले आणि काहीही बदललं नाही. उलट अंग सैल पडलं.

दादांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “तो सेट मला दाखव बघू.”

मी झोपलो, ते डोक्याशी उभे राहिले. आठ झाले, मी बार ठेवायला गेलो. “अजून एक.” नववी झाली. “अजून.” दहावी, अकरावी. बाराव्या वेळी बार अर्ध्यात इतका रेंगाळला की कानात नुसता माझा श्वास होता. दादांची बोटं बारखाली तयार होती, पण लागलेली नव्हती. तेरावी उचल वर गेली, चौदाव्या वेळी बार छातीवरून हललाच नाही. तो त्यांनी उचलून ठेवला आणि म्हणाले, “हा एक. तीन महिन्यांतला तुझा पहिला.”

आता मी स्वतःच पोरांना शिकवतो. कमी सेट की जास्त, हा वाद आजही जिममध्ये तावातावाने चालतो. तो ऐकताना मला त्या पाच रेप्स आठवतात. सेट रेटत नेला की शरीर हळूहळू एकेक दडलेला गडी कामाला लावतं: आधी स्नायूंतले छोटे तंतुगट, मग दमणूक वाढेल तसे मोठे. वाढीची ताकद ज्यांच्यात जास्त ते शेवटी उतरतात. आठवर थांबणारा त्यांना बोलावतच नाही. वीस सेट मारणारा निदान कुठेतरी, नकळत, त्यांच्यापर्यंत पोचतो. एकच सेट मारणाऱ्याला ती चूक परवडत नाही.

या पद्धतीचा मूळपुरुष आर्थर जोन्स. नॉटिलस मशीन बनवणारा हट्टी माणूस. 1973 साली कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत त्याने केसी व्हिएटरकडून 28 दिवसांत 14 वेळा व्यायाम करून घेतला आणि त्याचं वजन सुमारे 20 किलोंनी वाढलं. हा आकडा आजही कुणीतरी छातीठोकपणे तोंडावर फेकतो. पण व्हिएटर 1971 मध्येच मिस्टर अमेरिका झालेला होता आणि अपघात-आजारपणाने त्याचं शरीर उतरलेलं होतं. गेलेलं परत मिळवणं आणि नव्याने कमावणं यांत फरक आहे. आजारातून उठलेल्या पैलवानाला खुराक मिळाला की काय होतं हे तालमीतलं पोरही सांगेल. त्या आकड्यावर मी कुणालाही भरवसा ठेवू देत नाही.

जोन्सचा विचार पुढे नेला माईक मेंट्झरने. 1980 च्या सिडनीतल्या ऑलिम्पियात पाचवा आला आणि त्याने स्पर्धा सोडल्या. पुढे शिकवताना तो व्यायाम कमी करत गेला, इतका की शेवटी चार-चार, सात-सात दिवसांतून एकदा. माझ्या मते तिथे तो चुकला. विश्रांती स्नायूला हवीच, पण दोन-तीन दिवसांत तो पुन्हा तयार होतो. त्यानंतर त्याला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे पेरणीचे दिवस वाया घालवणं.

संशोधन काय सांगतं तेही मान्य करायला हवं. आठवड्याला एका अवयवाचे दहा किंवा जास्त सेट करणाऱ्यांची वाढ सरासरीने चार-पाच करणाऱ्यांहून अधिक होते. पण पहिल्या काही सेट्समध्ये जे मिळतं तेवढं पुढच्यांत मिळत नाही. आणि वजन अगदी अडकेपर्यंत जायची गरज नाही, त्याच्या एक-दोन रेप्स आधी थांबलं तरी वाढ जवळपास तेवढीच. स्टेजवर उतरायचं असलेल्या मुलाला मी म्हणूनच सेट वाढवायला सांगतो. तिथे दादा बरोबर होते.

आणि येट्सची ती सहा वर्षं फुकट आलेली नाहीत. 1994 मध्ये रोइंग करताना त्याचा डावा बायसेप फाटला, 1997 मध्ये स्पर्धेच्या तीनेक आठवडे आधी ट्रायसेप. तो स्नायूंनी चुकता केलेला हिशेब मी पोरांना अजिबात लपवून ठेवत नाही. डेडलिफ्ट आणि स्क्वॉट मी कुणालाही फेल होईपर्यंत करू देत नाही. फेल होईपर्यंत जायचं ते मशीनवर, नाहीतर माणूस पाठीशी उभा असताना.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्टेज नकोच असतं. त्यांना आठवड्यात दोन संध्याकाळी मिळतात, त्याही लोकलच्या भरवशावर. त्यांना वीस सेटचा फळा दाखवला तर महिन्याभरात यायचे बंद होतात. त्यांच्यासाठी पाच व्यायाम, प्रत्येकाचे एक-दोन सेट, पण खरे. पहिले तीन महिने मात्र मी त्यांनाही तीन-चार सेट करायला लावतो, हलके. हात वळण शिकल्याशिवाय आणि दमणं कुठे संपतं, अडणं कुठे सुरू होतं हे अंगाला कळल्याशिवाय तो एक सेट मागता येत नाही.

एका हॉस्पिटलातल्या सिस्टर आहेत, दोन वर्षांपासून येतात. रात्रपाळी उतरून, मंगळवारी आणि शुक्रवारी. परवा लेग प्रेसवर बसल्या. मागच्या वेळचा आकडा वहीत होता: 90 किलो, 11. अकरावी झाली. बाराव्या वेळी फळी अर्ध्यात थांबली. मी हात नेला, लावला नाही. गुडघे थरथरत होते, ओठ घट्ट. फळी बोटभर सरकली, थांबली, परत सरकली आणि पाय सरळ झाले.

त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या. मग वही मागितली आणि 12 लिहिलं.