सोहिरोबांचं हिंदी पद

डिचोली,
ज्येष्ठ वद्य एकादशी

चि. बाळ,


तुझी तिन्ही पदं काल रात्री पेटी काढून म्हणून पाहिली. शब्द कुठे अडत नाहीत, चालही बसते. पण तिन्हींत माड, पाऊस आणि चवथीच्या गणपतीवरची माटोळी. स्विंडनला जाऊन तुला तीन वर्षं झाली, त्यातला एक दिवसही त्या पदांत नाही. आणि वर विचारतोस, इथे घुमट वाजत नाही, गाव नाही, मग सुचणार कुठून?

तेव्हापासून संत सोहिरोबानाथ मनातून जात नाहीत. पेडण्याच्या ज्या सरकारी कॉलेजात तू शिकलास, त्याला त्यांचंच नाव आहे. पालयेचे आंबिये, जन्म 1714 चा, बांद्याला कुलकर्णी. सावंतवाडी दरबाराचं बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसले आणि तिथे गहिनीनाथ भेटले, ही कथा आपल्याकडे पोराबाळांनाही पाठ आहे. मला तिच्या पुढचा भाग मोठा वाटतो. माणूस ओसरीवर टेकायला लागतो त्या वयात, साठीच्या सुमारास, ते उत्तरेकडे चालू लागले.

ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांशी त्यांची गाठ पडली. तिथे आपल्या केरीचे जिवबादादा केरकर शिंद्यांचे मोठे सेनानी होते, म्हणजे परक्या मुलखात गावचं माणूसही होतं. महादजी स्वतः कविता करत. त्यांनी ती दाखवली, पण सोहिरोबांनी तोंडदेखली स्तुती केली नाही, असं सांगतात. सत्तेपुढे न वाकणाऱ्या अवधूताचं त्यांचं पद याच प्रसंगाशी जोडलं जातं. ते पद हिंदीत आहे!

महादजींना मराठी कळत नव्हतं असं थोडंच आहे? ‘सिद्धांतसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ असे ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्याने मग हिंदी का धरली? मला वाटतं, भोवती उत्तरेची माणसं होती, त्या सगळ्यांना ते कळायला हवं होतं. बांद्याच्या आठवणी काढून ते पद झालेलं नाही. समोरच्याला काही सांगायचं होतं, म्हणून झालं.

1788 मध्ये पेडणं पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं, तेव्हा ते उत्तरेतच होते. 1792 मध्ये उज्जैनला ते दिसेनासे झाले. गावी परतले नाहीत. त्यांची पदं मात्र आजही आपल्या भजनात आहेत.

तुझ्याबरोबर रात्रपाळीला खोकी उचलणाऱ्या त्या पोलंडच्या म्हाताऱ्याबद्दल तू फोनवर अर्धा तास बोललास. त्याच्या बायकोचं आजारपण, डब्यातून तुझ्यासाठी आणलेला बटाटा. ते ऐकताना मामीने दोनदा डोळे पुसले. तो तुझ्या पदात का नाही? एक पद त्याला समोर बसवून लिही. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, दोन्ही मिसळलीस तरी मला चालेल. लिहून झालं की आधी त्यालाच म्हणून दाखव, मग मला पाठव.

चवथीच्या पंधरा दिवस आधी माझ्या हाती पडू दे. चाल बसवायला तेवढे दिवस लागतात, आणि यंदा आरत्यांनंतर तेच पद मी म्हणणार आहे.

मामीने फणसाची साठं तुझ्यासाठी बांधून ठेवली आहेत.

तुझा,
मामा