नदीची पावती

1972 च्या दुष्काळानंतरचा पहिला मृग मला अजून आठवतो. पाऊस लागून चार दिवस झाले आणि आमच्या घरातली मोठी टोपली गायब झाली. ती कुठं गेली हे आईला न सांगता कळलं. सांगलीहून हरिपूरला जाताना चिंचेच्या झाडांपलीकडं एक ओढा कृष्णेला मिळायचा. नदीला नवं तांबडं पाणी आलं की मासे त्या ओढ्यात उलटे चढायचे. चढणीचे मासे. घोट्याएवढ्या पाण्यात दगडांवर अंग घासत, एकमेकांवर आदळत वर निघालेले. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी टोपली आडवी धरायची, एवढंच काम. मी दहा वर्षांचा होतो आणि त्या दिवशी टोपली मला एकट्याला उचलेना.

घरी आणलेल्या जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात गाभोळी होती. आईनं ती हळद-तिखट लावून तव्यावर परतली. ती चव अजून जिभेवर आहे. पण अंडी घालायला निघालेल्या माशांना आम्ही उंबऱ्यातच गाठत होतो, हे कळायला मला पुढं पंचवीस वर्षं आणि दुसरा देश लागला.

एरवीच्या दिवसांत गळ. कळकाची काठी, दोरा, भेंडाचा तुकडा आणि टोकाला गांडूळ. आयर्विन पुलाच्या सावलीत आम्ही पोरं बसायचो. थोडं खाली एक भोई आजोबा होडी बांधून जाळं दुरुस्त करत असायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. कुठल्या डोहात वाम आहे, मरळ कुठल्या कडेला पिल्लं राखून बसलीय, हे ते पाण्याकडं न बघता सांगायचे. पिल्लं राखणाऱ्या मरळीला गळ टाकलेला त्यांना खपायचा नाही. त्यांच्या तरुणपणी वरच्या अंगानं खडस यायचा, माणसाच्या मांडीएवढा, चार मिशांचा. आम्हाला तो कधी दिसला नाही. आबा दोन्ही हात पसरून त्याचं माप दाखवायचे, तेवढाच आमचा खडस.

परवाना हा शब्द त्या काठावर मी एकदाही ऐकला नाही. नदीत मासे होते, ज्याला हवे त्यानं धरावेत. या मोकळेपणाची एक बाजू मात्र फार वाईट होती. विहीर खणणाऱ्यांकडचे तोटे कुणीतरी आणायचं. संध्याकाळी नदीकडून धप्प असा आवाज यायचा आणि सकाळी डोहावर पांढरी पोटं तरंगत असायची. मोठे मासे न्यायचे ते नेत, बोटाएवढी पिल्लं तिथंच कुजत. आबा त्या दिवशी होडी सोडत नसत. स्फोटकं लावून किंवा विष कालवून मासे मारणं आपल्याकडं 1897 च्या कायद्यानंच गुन्हा ठरवलेलं आहे, हे मला खूप उशिरा कळलं. कायदा आमच्या आजोबांच्या जन्माआधीचा होता. काठावर मात्र तो कधी आला नाही, कारण त्याला काठावर आणणारं कुणी नव्हतं.

1998 मध्ये नोकरीसाठी मी नॉटिंगहॅमला आलो. गावाच्या कडेनं ट्रेंट वाहते. मार्चअखेरीस एका रविवारी काठी घेऊन निघालो, तर शेजारच्या गृहस्थांनी दारातच अडवलं. नदीत 15 मार्च ते 15 जून गळ टाकायचा नाही, मासे अंडी घालतात. मी तिथल्या तिथं उभा राहिलो. डोळ्यांपुढं हरिपूरचा ओढा आला, टोपली आली, तव्यावरची गाभोळी आली. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती परवान्याची. इंग्लंडात नदीत किंवा तळ्यात गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, आणि तो असला तरी काठ ज्याच्या मालकीचा त्याची किंवा तिथल्या क्लबाची परवानगी वेगळी. मला ते मनापासून लागलं. वाहत्या पाण्यात दोरा सोडायचे पैसे? नदी काय कुणाच्या बापाची आहे?

तरी पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी नाव, पत्ता, जन्मतारीख विचारून एक छोटा परवाना दिला. त्यावर माशाचं सुंदर रंगीत चित्र होतं. ते मी कितीतरी वर्षं पाकिटात आईच्या फोटोशेजारी ठेवलं.

16 जूनला पहाटे काठावर गेलो तर दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उठावं तशी माणसं अंधारात येऊन बसलेली. तीन महिने थांबलेली. त्या सकाळी माझ्या गळाला पहिला बार्बल लागला. लांबट, सोनेरी, ओठांशी चार मिशा. मी त्याला पाण्यातच धरून बघत राहिलो. पुढं वाचनात आलं की आपला खडस, म्हणजे महसीर, आणि हा बार्बल एकाच मोठ्या कुळातले, आणि जुने शास्त्रज्ञ दोघांना एकाच नावाखाली घालत. आबांनी हात पसरून दाखवलेला मासा मला सात हजार किलोमीटरवर, धाकट्या भावाच्या रूपात भेटला. शेजारी म्हणाले, सोडा आता. आणि मी सोडला. आयुष्यात प्रथमच गळाला लागलेला मासा मी परत पाण्यात दिला.

हे पैसे जातात कुठं, हे त्यानंतर मी शोधायला लागलो. आमच्या गावापासून जवळच कॅल्व्हर्टन नावाच्या खेड्यात पर्यावरण खात्याचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथं बार्बल, चब, डेस, रोच असे नदीचे मासे वाढवतात आणि जिथं प्रदूषणानं मासे मेले किंवा कमी झाले तिथं नेऊन सोडतात. तो खर्च परवान्याच्या पैशातून निघतो. नदीकाठी परवाने तपासणारी माणसं, बंधाऱ्यांवरून माशांना वर चढता यावं म्हणून बांधलेले मार्ग, नवख्यांना शिकवण्या, यांतही तोच पैसा जातो. माशांचे मार्ग पहिल्यांदा बघितले तेव्हा मला गहिवरून आलं. चढणीच्या माशासाठी माणसानं बांधलेला जिना होता तो. आम्ही त्याच जागी टोपली धरली होती.

आता तो चित्राचा परवाना माझ्या पाकिटात नाही. सगळं फोनवर. 2016 पर्यंत वर्षाचे 27 पौंड पडत, 2017 मध्ये ते 30 झाले, 2023 मध्ये 33. तेव्हाच्या भावानं आपल्या पैशात साडेतीन हजारांच्या आत. सामनचा परवाना पहिल्यापासून बराच महाग. पैसे वाढले की दर वेळी काठावर कुरबुर होते आणि ती मला खोटी वाटत नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला सवलत असली तरी आकडा आकडाच असतो. आणि खरा राग वेगळाच आहे. इंग्लंडातल्या नद्या-तळ्यांपैकी जेमतेम 14 टक्क्यांची जैविक स्थिती चांगली, असं सरकारी पाहणीतच आलं. पावसाचं निमित्त होऊन सांडपाणी नदीत सुटतं, शेतातलं खत वाहून येतं. काठावरचा म्हातारा विचारतो, घाण करणारे दुसरे आणि नदीसाठी पैसे मी का वाढवून देऊ?

मी त्याच्या शेजारी बसतो आणि तरीही म्हणतो, वाढवून द्यावेत. घाण करणाऱ्याकडून शेवटची दमडीसुद्धा वसूल व्हायला हवी, त्याच्या वाट्याचं पाप गळवाल्यांनी का भरावं, यात दुमत नाही. पण पैसे भरणाऱ्याला विचारायचा हक्क येतो, हे मी या काठावर शिकलो. ट्रेंटलाच येऊन मिळणारी, डर्बी शहरातून वाहणारी डर्वेंट नदी 1950 च्या सुमारास सांडपाण्यानं आणि कारखान्याच्या गरम पाण्यानं मेलेली होती. तिथल्या ‘प्राइड ऑफ डर्बी’ नावाच्या गळवाल्यांच्या क्लबानं काठाच्या जमीनदारासोबत कोर्टात दावा लावला. समोर ब्रिटिश सेलनीज ही बडी कंपनी, डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीज मंडळ. 1952 मध्ये अपील कोर्टानं गळवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी, पालिका, वीज मंडळ, कुणाचीच सुटका झाली नाही. अशा दाव्यांमागं उभं राहण्यासाठी 1948 मध्ये जॉन ईस्टवूड नावाच्या वकिलानं गळवाल्यांची सहकारी संघटना काढलेली होती. वर्गणी भरणारी साधी माणसं, खाणकामगार, विणकर, टपालवाले, आणि त्यांच्या जोरावर नदी कोर्टात उभी राहिली. हा निकाल मी प्रथम वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. आबांना हे वाचून दाखवायला हवं होतं.

2022 मध्ये सेव्हर्न नदीवर गळवाल्यांनी स्वतःच पाण्याची तपासणी सुरू केली. छोट्या संचानं फॉस्फेट, नायट्रेट मोजायचं, आकडे लिहून पाठवायचे. हे लोण पुढं बऱ्याच नद्यांवर गेलं. वाढीव पैसे अशा कामाला बांधून द्यावेत, कुठल्या नदीचे कुठं खर्च झाले ते त्या नदीच्या काठावर लावावं, असं माझं म्हणणं. एक गोष्ट मात्र बदलू नये. 2017 पासून 13 ते 16 वर्षांच्या पोरांना परवाना फुकट आहे, त्याहून लहानांना लागतच नाही. दहा वर्षांच्या पोराच्या हातातली काठी पैशापायी गेली तर चाळीस वर्षांनी नदीसाठी भांडायला कोण येणार? आणि आबांसारख्यांकडून, ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांच्याकडून असा पैसा मागणं मला पाप वाटेल. मी बोलतोय ते माझ्यासारख्यांबद्दल, जे हौसेसाठी बसतात आणि संध्याकाळी घरी आयतं जेवतात.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका ओढ्यात मला मेलेले मासे दिसले. हात थरथरत होते, पण फोनमध्ये खात्याचा चोवीस तासांचा नंबर होता. दुपारी दोघंजण आले, बाटल्यांत पाणी घेतलं, मासे मोजले, माझं नाव लिहून घेतलं. मासे मोजणं, हे मला नवं होतं. आमच्या डोहावरची पांढरी पोटं कुणी कधी मोजली नव्हती.

गेल्या खेपेला सांगलीत गेलो तेव्हा हरिपूरच्या संगमापर्यंत चालत गेलो. ओढ्याचं तोंड प्लॅस्टिकनं आणि झुडपांनी बुजलेलं. कृष्णेच्या या पट्ट्यात मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या मी परदेशात बसून पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. पाण्याला उग्र वास येत होता. काठावर आबांचा नातू भेटला, आता तोही पन्नाशीचा. होडी फायबरची, जाळं नायलॉनचं, जाळ्यात बहुतेक सगळा चिलापी. मी वाम विचारली, मरळ विचारली. त्यानं मान हलवली. खडस हे नाव त्यानं आजोबांच्या तोंडून फक्त ऐकलेलं.

“तिकडं मासं धराया पैसं लागत्यात म्हनं?”

“लागतात. वर्षाचे तीन-साडेतीन हजार.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं हसेल. मग म्हणाला, “आन् मासं मेलं तर मग सांगता कुनाला?”

मी फोन काढून त्याला तो नंबर दाखवला. त्यानं तो दोन वेळा वाचला, ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखा. मग विचारलं, “हितला हाय का असला?”

मी फोन खिशात ठेवला. त्यानं जाळ्यातला एक चिलापी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, पैसे घेईना, आणि वल्ह्यानं होडी काठापासून लोटली.