सही न करणारे एकशे एक

अमेरिकेहून परत आलं की जो तो विचारतो, शिकागो पाहिलं का, नायगरा पाहिला का. पाहिलं सगळं. पण डोक्यातून जात नाही ते सेमूरचं विमानतळ.

सेमूर म्हणजे इंडियाना राज्यातलं वीसेक हजार वस्तीचं गाव. कमिन्सचा इंजिनांचा कारखाना तिथे आहे, म्हणून मुलगा तिथे. १८६६ साली रिनो बंधूंनी इथेच आगगाडी लुटली, गायक जॉन मेलेनकॅम्प इथलाच, हायस्कूलच्या बास्केटबॉल सभागृहात आठ हजारांवर माणसं बसतात, हे गावात कुणीही सांगेल. विमानतळावर फक्त लहान खासगी विमानं उतरतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे ‘फ्रीमन फील्ड’ हा लष्करी तळ होता. आता तिथे एक छोटं संग्रहालय आहे. सुनेने मला ते दाखवायला नेलं.

मार्च १९४५ मध्ये ४७७ वा बाँबर ग्रुप या तळावर आला. वैमानिक काळे, वरचे अधिकारी गोरे. तळावरचा क्लब सगळ्या अधिकाऱ्यांना खुला असावा, असा सैन्याचा स्वतःचाच १९४० चा नियम होता. कर्नल रॉबर्ट सेलवे यांनी त्यातून वाट काढली. एक क्लब प्रशिक्षणार्थींचा, दुसरा प्रशिक्षकांचा. काळे सगळे प्रशिक्षणार्थी ठरले, गोरे सगळे प्रशिक्षक. आदेशात वर्णाचा शब्दही नाही! ५ एप्रिलच्या रात्री काळे अधिकारी लहान लहान गटांनी गोऱ्यांच्या क्लबात शिरले. दोन रात्रींत ६१ जणांना अटक झाली.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते यानंतर जे झालं त्याने. सेलवे यांनी क्लबांची ही विभागणी लेखी आदेशात उतरवली आणि प्रत्येकाने तो ‘वाचला, समजला’ म्हणून सही करावी, असं फर्मान काढलं. एकेकाला आत बोलावलं. युद्धकाळात वरिष्ठांचा हुकूम मोडला तर देहदंडही होऊ शकतो, हे कलम वाचून दाखवलं. तरी १०१ जणांनी सही केली नाही. त्या सगळ्यांना अटक झाली.

माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली. परिपत्रक फिरवायचं, खाली सह्या घ्यायच्या, हेच काम. सही म्हणजे फक्त ‘मिळालं’, ‘मान्य आहे’ असं नव्हे, हे मी कित्येकांना समजावलेलं आहे. त्या जागी मी असते तर त्या मुलांनाही हेच सांगितलं असतं. पण समोरच्याला अपमान मान्य करून हवा असेल, तर ‘मिळालं’ एवढी सहीसुद्धा खूप होते, हे त्या विशी-पंचविशीतल्या पोरांना बरोबर कळलं होतं.

पुढे वरून हुकूम आला आणि १०१ जण सुटले, पण प्रत्येकाच्या सेवा-नोंदीत ताकीदपत्र लागलं. क्लबात शिरलेल्यांपैकी तिघांवर खटला चालला. दोघे निर्दोष सुटले. रॉजर टेरी यांना एका अधिकाऱ्याला धक्का दिल्याबद्दल १५० डॉलर दंड झाला. तुरुंग नाही, मग एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याने एकदा सेवापुस्तक उघडून बघावं. आमच्याकडे एका शिपायाच्या पुस्तकात लाल शाईतला एक शेरा होता. बढतीची फाईल दर वेळी त्याच पानाशी अडायची. साहेब बदलले, शेरा तसाच राहिला. शेवटी तो त्या शेऱ्यासकटच निवृत्त झाला.

हवाई दलाने ती ताकीदपत्रं काढायला सुरुवात केली, टेरी यांची शिक्षा रद्द केली, ती १९९५ मध्ये. पन्नास वर्षांनी! ‘निदान चूक मान्य तरी केली,’ असं मुलगा म्हणाला. मला ते पटलं नाही. ज्या वयात बढती मिळायची, त्या वयात शेरा. आणि नातवंडं झाल्यावर कोरं पान. त्या कोऱ्या पानाचं करायचं काय? उलट मला वाटतं, ती ताकीदपत्रं तशीच ठेवायला हवी होती, शेजारी माफीचा कागद लावून. पण हेही मी घरी बसून बोलते आहे. टेरींना विचारलं असतं तर त्यांना शेरा खोडलेलाच हवा असता, आणि तो त्यांचा हक्कच होता.

मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्यांना मात्र एक सांगेन. मॉल आणि धबधबे होतीलच. मुलं ज्या गावात भाडं भरतात, त्या गावात पूर्वी काय घडलं, तेही विचारा. आपली मुलं ज्या कार्यालयांत बिनघोर शिरतात, त्यांची दारं कुणीतरी आधी ढकललेली आहेत.