सिडनीच्या बंदरात अर्धा तास

निवृत्तीनंतर मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या आपल्या पिढीच्या प्रवासाचा एक साचा ठरून गेला आहे. नातवंडांना शाळेत पोहोचवावे, दुपारी बागेतल्या बाकावर बसावे, शनिवार-रविवारी मुले नेतील ती स्थळे पाहावीत, त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घ्यावीत आणि परतल्यावर ती सोयऱ्याधायऱ्यांना दाखवावीत. गतवर्षी जुलै-ऑगस्टात आम्ही उभयता सिडनीला कन्येकडे होतो, तेव्हा आमचाही दिनक्रम याहून निराळा नव्हता. त्या साच्यात न बसणारी एकच गोष्ट त्या दोन महिन्यांत घडली, ती म्हणजे बंदरातील जेट बोटीची सफर. तिचा आग्रह जावयांनी धरला नव्हता, नऊ वर्षांच्या नातवानेही नव्हे. तो धरला होता माझ्या पत्नीने.

याचे नवल का वाटले, हे सांगण्यासाठी आधी सांगलीला यावे लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सांगलीत ज्यांची दुकाने, गोदामे किंवा सोयरसंबंध आहेत, त्यांना त्या आठवड्याविषयी मी नव्याने काही सांगावे असे नाही. गणपती पेठेत आमचे खाली दुकान आणि वर राहते घर. मी त्या वेळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यात होतो आणि परतीचे रस्ते बंद झाले होते. घरात पत्नी आणि माझी शहाऐंशी वर्षांची आई. तिसऱ्या दिवशी त्या दोघींना पहिल्या मजल्याच्या सज्जातून रबरी बोटीत उतरवून घेण्यात आले. त्याच दिवसांत ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे दगावली. ती बातमी मी पुण्यात ऐकली, तेव्हा आमच्या घरातली माणसे बोटीत आहेत की सज्जात, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे पाणी ओसरले. गाळ उपसला गेला, भिजलेला माल फेकला गेला, वडीलबंधूंनी दिवाळीपर्यंत दुकान पुन्हा मांडले. आई २०२२ मध्ये गेली. मात्र त्या बोटीविषयी पत्नी कधी बोलली नाही. विचारले तर ‘आणलं की सुखरूप’ एवढेच उत्तर मिळे. हरिपूरच्या संगमावर ती काठावरूनच परतते. एकदा मुंबईत घारापुरीच्या लाँचची तिकिटे काढून झाल्यावर ती अपोलो बंदरावरून माघारी फिरली होती. मीही नंतर कधी भरीस घातले नाही. सिडनीतसुद्धा रोज सकाळी चहाच्या आधी ती मोबाइलवर दोन आकडे पाहायची. एक आयर्विनची पातळी आणि दुसरा कोयनेचा विसर्ग.

अशा बाईने एका रविवारी सर्क्युलर की या धक्क्यावर उभे राहून, समोरून ओलेचिंब होऊन उतरणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून म्हणावे, “अहो, मला त्यात बसायचंय.” उतरणाऱ्यांमध्ये पांढऱ्या केसांची, आमच्याच वयाची एक बाई होती आणि ती इतकी हसत होती की तिला लाइफ जॅकेटचे बंद सोडवता येत नव्हते. मी सुचवले की आधी मॅन्लीला जाणारी मोठी फेरी घेऊ, ती संथ असते. पत्नीचे उत्तर असे, “मोठ्या बोटीत बसून मला काय कळणार?” काय कळायचे आहे, हे मी विचारले नाही.

बसायचे ठरले ते पुढच्या रविवारचे. मधल्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कन्येच्या परिचित डॉक्टरांकडे जाऊन दोघांचीही मान, पाठ आणि हृदय बोटीत बसण्याजोगे आहे याची खात्री करून घेतली. दुसरी म्हणजे ही बोट चालते कशी, ते वाचून काढले. आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला यंत्रसामग्रीचा तपशील पाहिल्याशिवाय स्वस्थता लाभत नाही.

ही बोट न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांच्या कल्पकतेचे फळ आहे. हे गृहस्थ मेंढपाळीचा व्यवसाय करणारे शेतकरी आणि जातीचे यंत्रज्ञ. त्यांच्याकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या, अनेक धारांत फुटलेल्या. उन्हाळ्यातील कृष्णा डोळ्यांपुढे आणली तर थोडीफार कल्पना येईल. साध्या मोटारबोटीचा पंखा तळाखाली लोंबकळत असतो, तो अशा पात्रात पहिल्याच खडकाला आपटून मोडणार. हॅमिल्टन यांनी पंख्याचे काम बोटीच्या पोटात घेतले. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचे, पंपाने त्याला जोर द्यायचा आणि मागच्या तोटीतून ते झोताने बाहेर फेकायचे. पाणी मागे गेले की बोट पुढे जाते. तोटी वळवली की बोट वळते, वेगळे सुकाणू लागत नाही. झोतापुढे झाकण पाडले की तेच पाणी उलट दिशेने वळते आणि बोट जागच्या जागी थांबते. १९५० च्या दशकात त्यांनी ही रचना यशस्वी केली. १९६० मध्ये त्यांच्या बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या विरुद्ध वर चढून गेल्या.

यातील एक गोष्ट मला फार मननीय वाटली. या बोटीत वेग काढून घेतला की दिशाही हातची जाते. झोतच नसेल तर वळवायचे काय? म्हणजे घाबरून वेग एकदम सोडून देणारा चालक इथे अधिक धोक्यात. व्यापारी वाचकांना यावर आपापली उदाहरणे सुचतील. मला बँकेतील दोन-तीन खाती आठवली.

सिडनीच्या बंदरात मात्र उथळ पाण्याचा प्रश्नच नाही. समुद्राने बुडवलेले ते एक नदीखोरे आहे, खोल आणि सर्व बाजूंनी दंतुर किनाऱ्याचे. तेथे या यंत्राचा उपयोग केवळ गिरक्या घेण्यासाठी, म्हणजे निव्वळ गंमत म्हणून केला जातो. गंमतीचे तिकीट किती होते, हे मी येथे लिहीत नाही. डॉलरचे रुपये करून पाहण्याची खोड मला आहे आणि त्या दिवशी पत्नीने ती करू दिली नाही.

रविवारी आम्ही अर्धा तास आधी धक्क्यावर पोहोचलो. तेथे उभे राहिले की डाव्या हाताला तो प्रख्यात पूल आणि उजव्या हाताला ऑपेरा हाउस. दोन्हींची छायाचित्रे आपण दिनदर्शिकांवर पाहिलेली असतात. मला त्यांच्या सौंदर्याइतकाच त्यांचा हिशेब आवडतो. पूल १९ मार्च १९३२ रोजी खुला झाला. त्याची कमान ५०३ मीटर लांबीची, माथा पाण्यापासून १३४ मीटर उंच. त्यासाठी काढलेले कर्ज पुरते फिटायला १९८८ साल उजाडले. पथकर पहिल्या दिवसापासून सुरू होता, मोटारीला सहा पेन्स, घोडेस्वाराला तीन. पथकर आजही आहेच, घोडे तेवढे गेले.

ऑपेरा हाउसची कथा तर प्रत्येक बांधकाम-कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला शिकवावी अशी आहे. डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन यांचा आराखडा १९५७ मध्ये निवडला गेला. अंदाजे खर्च ७० लाख डॉलर, काम १९६३ पर्यंत पुरे करायचे. प्रत्यक्षात इमारत १९७३ च्या ऑक्टोबरात खुली झाली आणि खर्च आला १० कोटी २० लाख. यातील मोठा भाग राज्याने लॉटरी काढून उभा केला. वाद इतके झाले की उत्झॉन १९६६ मध्ये काम सोडून गेले, आणि पुरी झालेली आपली इमारत त्यांनी कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. छपरांवर स्वीडनहून आणलेल्या दहा लाखांहून अधिक फरश्या आहेत. दुरून पांढऱ्या दिसणाऱ्या त्या फरश्या जवळून पाहिल्या तर काही चकचकीत पांढऱ्या आणि काही मंद सायीच्या रंगाच्या आहेत. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता, आणि आज त्या शहराला ओळखीची खूण उरली नसती. हे कबूल करण्यात मला संकोच नाही, कारण त्या वेळचे आकडे पाहता नकार योग्यच होता.

बोटीत बसण्यापूर्वी एक प्रपत्र भरून द्यावे लागते. मी ते पूर्ण वाचले. गर्भवती स्त्रिया, मान व पाठीचे रुग्ण, हृदयरोगी यांना मज्जाव, दागिने व मोबाइल काढून ठेवावेत, उभे राहू नये. मागे रांगेतील तरुण मंडळी न वाचताच सही करीत होती. पत्नीने माझ्या हातून कागद घेतला, चष्मा लावून स्वतः एकेक कलम वाचले आणि मराठीत सही केली. मग मंगळसूत्र काढून कन्येच्या स्वाधीन केले. ते काढताना तिचा हात थरथरला, हे मी पाहिले. साडीऐवजी त्या दिवशी ती कन्येचा सलवार-कमीज घालून आली होती. वर लाल रंगाचा जलरोधक झगा आणि त्यावर लाइफ जॅकेट चढवण्यात आले. नातू म्हणाला, “आजी, तू अंतराळात चाललीयस असं वाटतंय.”

चालक पंचविशीची एक मुलगी होती. तिने समोरची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरायला सांगितले, आणि ‘मी हात वर करून बोट गोल फिरवले की समजा, गिरकी येणार’ अशी खूण शिकवली. धक्क्याजवळच्या पाण्यात वेगाला मर्यादा आहे, फेऱ्यांची ये-जा सतत चालू असते, म्हणून सुरुवातीला बोट बैलगाडीसारखी चालली. ऑपेरा हाउसचे टोक ओलांडले आणि त्या मुलीने यंत्राला जोर दिला.

त्यानंतरचे वर्णन मला क्रमाने करता येणार नाही. बोटीचे नाक वर उचलले गेले. वारा तोंडावर असा आदळू लागला की श्वास घेण्यासाठी मान वळवावी लागे. फोर्ट डेनिसन हे छोटे बेट, जिथे एके काळी कैद्यांना अर्धपोटी ठेवत, ते उजवीकडे दिसले न दिसले तोच मागे पडले. पुढे पाणी मोकळे होते. मुलीचा हात वर गेला, बोट गोल फिरले.

मी बंदर पाहत नव्हतो, पत्नीकडे पाहत होतो. तिने दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. ओठ मिटलेले, डोळे मात्र सताड उघडे. बोट एका अंगावर कलली. पूल, ऑपेरा हाउस, झाडी, पुन्हा पूल असे सगळे डोळ्यांपुढून सरकून गेले आणि जुलैतल्या थंडगार पाण्याची भिंत आमच्यावर कोसळली. बोट स्थिर झाली. मागचे तरुण ओरडत होते. पत्नी गप्प होती. चेहऱ्यावरून पाणी निथळत होते. मला वाटले, आता चालकाला थांबवायला सांगावे. तेवढ्यात तिने दांडीवरचा एक हात सोडला, वर केला, आणि त्या मुलीकडे पाहून एक बोट हवेत गोल फिरवले.

पुन्हा, असे ती सांगत होती.

ती मुलगी खदखदून हसली. मग किती गिरक्या झाल्या, मी मोजल्या नाहीत. एकदा भर वेगात झाकण पाडून बोट जागीच थांबवली, तेव्हा नाक पाण्यात खुपसले गेले आणि अख्खी लाट पुढच्या रांगेवरून आमच्या मांडीत आली. माझी टोपी त्या बंदरात कायमची जमा झाली. पत्नी नातवाच्या सुरात सूर मिसळून ओरडत होती. लग्नाला चाळीस वर्षे झाली, पण हा आवाज मी ऐकला नव्हता.

कर्ज विभागात असताना आम्ही म्हणत असू की जोखीम शून्य करता येत नाही, तिला मर्यादा घालता येते. या बोटीतील भयाला चारी बाजूंनी मर्यादा होती. लाइफ जॅकेट, प्रशिक्षित चालक, अर्ध्या तासाचा करार, धक्क्यावर उभी असलेली कन्या. पेठेतून निघालेल्या त्या रबरी बोटीला यांतले फारसे काही नव्हते, हे परतीच्या संथ पाण्यात मला तीव्रतेने जाणवले. पत्नीने काय तपासून पाहिले असेल, याचाही थोडा अंदाज आला.

धक्क्यावर उतरलो तेव्हा आम्ही आतल्या कपड्यांपर्यंत भिजलो होतो. कन्येने थर्मासमधला चहा ओतला. नातू आजीला बिलगून बसला आणि त्याने विचारले, “आजी, तू याआधी कधी बोटीत बसली होतीस?”

“होय की,” ती म्हणाली. “गणपती पेठेत.”

आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. आम्ही तिघे ऐकत होतो. दुकानांच्या पाट्या हाताला लागत होत्या, त्यांवरून कोणाचे दुकान आले ते कळत होते. विजेच्या तारा आल्या की एक मुलगा काठीने वर उचलून धरायचा. वल्ही मारणाऱ्या मुलाला आईंनी नाव विचारले, जेवलास का म्हणून विचारले, आणि पिशवीतले दोन राजगिऱ्याचे लाडू त्याच्या तोंडात भरवले, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. यातले काहीच मला ठाऊक नव्हते.

“मग तुमची बोटपण अशी गोल फिरली?” नातवाने विचारले.

“फिरली. मारुती चौकात ओढ फार होती. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळं किती फिरली ते मला नाही माहीत. तुझी पणजी सांगत होती, पुरता एक फेरा. त्यांनी उघडे ठेवले होते.”